नाकासमोर : कबुतरांची बाटली

प्रश्न : ताई, माझे सासरे जहाजावर इंजिनिअर होते. 1979 साली त्यांनी सासूबाईंसाठी फ्रान्सहून एक सेंट आणला होता. बाटलीच्या बुचावर काचेची दोन कबुतरं आहेत. सासूबाई तो फक्त लग्नाकार्याला लावायच्या, कानामागे एक थेंब. गेल्या वर्षी त्या गेल्या. कपाट आवरताना बाटली हाती लागली. तळाशी बोटाच्या पेराएवढा सेंट उरलाय, रंग कोऱ्या चहासारखा. पुतण्यानं दुबईहून त्याच नावाची नवी बाटली आणून दिली, पण तिचा वास मला पातळ वाटतो. माझी लेक बावीस वर्षांची. तिनं जुनं बूच हुंगलं आणि म्हणाली, "आजीच्या कपाटाचा वास." मला तो वास फार आवडतो, पण कशाचा आहे ते सांगता येत नाही. गुलाब नाही, मोगरा नाही. मग कोणतं फूल? नवी बाटली वेगळी का? आणि उरलेला सेंट वापरला तर चालेल?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि आधी उठून माझं कपाट उघडलं. माझ्याकडेही एक आहे, रिकामी. बूच आता नीट बसत नाही, पण टाकवत नाही.

ही बाटली नीना रिची या पॅरिसच्या फॅशन हाऊसची. सेंटाचं नाव लेर द्यू तां, म्हणजे साधारण 'त्या काळाची हवा'. फ्रान्सिस फाब्रों नावाच्या परफ्यूमरनं तो 1948 साली बांधला. महायुद्ध संपून जेमतेम तीन वर्षं झाली होती. कबुतरांचं बूच त्यानंतरचं, 1951 चं, मार्क लालीक यांनी घडवलेलं. शांततेची कबुतरं होती ती. आपल्याकडे मात्र ती जहाजवाल्यांच्या आणि गल्फवाल्यांच्या बायकांच्या शोकेसमध्ये, ताजमहालाच्या शेजारी बसली.

आता फूल. ते आहे कार्नेशन. सत्काराच्या गुच्छात झालरीच्या पाकळ्यांचं गुलाबी-पांढरं फूल असतं ना, तेच. नाकाशी धरून बघाल तर निराशा होईल, कारण पॉलीहाऊसमधल्या कार्नेशनला वास नावालाच असतो. वासाच्या जुन्या जातींचं फूल मात्र लवंगेसारखं दरवळतं.

हे मला कसं कळलं ते सांगते. 1986 साली मुंबईत सुगंध बनवणाऱ्या एका कंपनीत मी लागले. काम काय, तर दिवसभर वास घ्यायचा आणि बरंवाईट सांगायचं. पुढे अठ्ठावीस वर्षं तेच केलं. पहिल्या आठवड्यात आमच्या साहेबांनी कागदाची एक पट्टी नाकाखाली धरली. "काय येतंय?" मी म्हटलं, "दाताचा दवाखाना." ते हसले. पट्टीवर युजेनॉल होतं. लवंगेच्या तेलाचा बहुतांश भाग तोच, आणि दाताच्या डॉक्टरांच्या तात्पुरत्या सिमेंटातही तोच. दुसऱ्या पट्टीवर आयसोयुजेनॉल : लवंगच, पण कडा घासून गोल केलेली, जराशी गोडसर. तिसरीवर गुलाबपाण्यासारखं काहीतरी, चौथीवर इलांग-इलांग नावाच्या फुलाचा अर्क, पाचवीवर व्हॅनिलाचा नुसता टिपका. मग साहेबांनी पाचही पट्ट्या हातात पत्त्यांसारख्या पसरल्या आणि माझ्या नाकासमोरून सावकाश फिरवल्या. लवंग गेली, गुलाब गेला, दवाखाना गेला. फूल आलं. टपोरं, किंचित तिखट, ओल्या पाकळ्यांचं. मी पट्ट्यांच्या मागे वाकून बघितलं, खरंच फूल ठेवलंय की काय म्हणून.

बाटलीत जे कार्नेशन असतं, ते जवळजवळ नेहमी असंच जोडलेलं. तुमच्या सासूबाईंच्या बाटलीत अशा जोडलेल्या कार्नेशनबरोबर जाई-गुलाबाच्या अंगाची फुलं होती, वर बर्गमॉटचा लिंबूटपणा. पण तुम्हाला ते एकेक ओळखू येत नाही, आणि तिथेच या सेंटाची सगळी गंमत आहे. तुम्ही विचारता कोणतं फूल. या जातीच्या सेंटात एक फूल शोधायचंच नसतं. तो गजरा नाही, ओंजळ आहे.

मग या ओंजळीला मऊपणा, म्हणजे एकही फूल नाकाला टोचू नये असा सलगपणा, येतो कुठून? फुलांतून मुळीच नाही. फुलं स्वभावानं भांडखोर असतात. मोगऱ्याचे चार गजरे बंद खोलीत ठेवा आणि पहाटे दार उघडा, म्हणजे कळेल. मऊपणा येतो तो फुलांच्या खाली अंथरलेल्या दोन गोष्टींमुळे.

पहिली, बेंझिल सॅलिसिलेट. नाव रुक्ष आहे आणि वास तर त्याहून रुक्ष. खरं सांगायचं तर मला त्याचा वास जेमतेम येतो, पुष्कळांना अजिबात येत नाही. हे द्रव्य फाब्रोंनी मूठ सैल सोडून घातलं. ज्याचा वास येत नाही ते सेंटात भरभरून का घालायचं? ताकाच्या कढीला आपण बेसन लावतो ते कढी बेसनासारखी लागावी म्हणून नव्हे. कढी फुटू नये, एकजीव व्हावी म्हणून. सॅलिसिलेटचं काम तेच. लवंग आणि फुलं एकमेकांपासून फुटत नाहीत, आणि वास झपकन न उडता अंगावर रेंगाळतो. आम्ही एकदा ते वगळून एक नमुना करून बघितला होता. सगळी फुलं होती, पण जत्रेत हरवल्यासारखी.

दुसरी गोष्ट म्हणजे पावडर. तुमच्या लेकीला कपाट आठवलं ते हिच्यामुळे. 'पावडरीचा वास' असं आपण सहज म्हणतो, पण पावडर म्हणजे शंखजिरं. दगडाची भुकटी ती, तिला कसला वास? वास असतो तो तिच्यात मिसळलेल्या व्हायोलेट या फुलाचा आणि आयरिस या फुलझाडाच्या कंदाचा. इटलीत टस्कनीकडे हे कंद खणून, सोलून, वाळवून तीनेक वर्षं नुसते ठेवून देतात. तेव्हा कुठे त्यांच्यात तो गार, पिठूळ सुगंध तयार होतो. ताज्या कंदाला तो नसतो. युरोपातल्या बायका तोंडाला लावायच्या त्या पावडरींत हा कंद असायचा. मग 1893 साली टीमान आणि क्र्यूगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी व्हायोलेटच्या वासाची, आयोनोन नावाची द्रव्यं हाती आणली आणि हा वास स्वस्त झाला. साबणात गेला, स्नोमध्ये गेला, आपल्या टाल्कमच्या डब्यांत आला. त्याचा एक भाऊ, मिथाइल आयोनोन, तुमच्या बाटलीत आहे. म्हणजे सेंटाला पावडरीचा वास येत नाही. पावडरीलाच सेंटाचा वास येतो, आणि आपल्या नाकाची गाठ पावडरीशी आधी पडलेली असते.

आयोनोनचा एक खोडसाळपणाही आहे. त्याला नाक लवकर बधिर होतं. वास येतो, मग गायब, मग आपण दुसऱ्या कशात गुंतलो की पुन्हा येतो. सासूबाई मांडवातून फिरताना तुम्हाला मध्येच दरवळ येऊन गेला असेल, वळून बघावं तर काही नाही. तो या आयोनोनचा खेळ.

लेकीवर मात्र रागावू नका, ती बरोबर बोलली. बाटली चाळीसहून जास्त वर्षं त्या कपाटात होती. डांबराच्या गोळ्या, चंदनाच्या साबणाचे कागद (साड्यांच्या घड्यांत ठेवत असणारच), जुनं रेशीम. तिनं आजीचा सेंट असा सुटा कधी हुंगलेलाच नाही. तुम्ही एक करा. कोऱ्या जाड कागदाची बोटभर पट्टी कापा, टोक त्या सेंटात बुडवा आणि पट्टी कपाटापासून लांब, गॅलरीत धरा. पहिली दहा मिनिटं नाक लावूच नका. बर्गमॉटसारख्या हलक्या गोष्टी इतक्या वर्षांत बिघडलेल्या असतात, सुरुवातीला नेलपॉलिशसारखा भपका येईल. तो गेला की खालचं बहुधा शाबूत असेल. पट्टी लेकीला संध्याकाळी द्या, काय आहे ते न सांगता.

नवी बाटली पातळ का वाटते? त्याची तीन कारणं आहेत, पण सगळ्यांचा दोष सारखा नाही. सर्वांत मोठं कारण साधं असावं असा माझा अंदाज. काचेच्या बुचातून थेंबानं लावायचा तो बहुधा पार्फ्यूम, म्हणजे सुगंधाचा अर्क भरपूर. पुतण्यानं आणली ती फवाऱ्याची असेल तर तिच्यावर ओ द त्वालेत (Eau de Toilette) लिहिलंय का बघा. त्यात अर्क बराच कमी आणि अल्कोहोल जास्त. एकाच गाईचं दूध, पण एका भांड्यात साय आणि दुसऱ्यात ताक.

दुसरं कारण नियमांचं. आयसोयुजेनॉलनं काहींच्या कातडीवर पुरळ उठतं. सुगंध उद्योगाची इफ्रा ही संघटना 1973 साली निघाली. तिच्या नियमांप्रमाणे आता ते नाममात्रच घालता येतं. त्यामुळे जुनं कार्नेशन जसंच्या तसं आज कोणीही बांधू शकत नाही, मनात असलं तरी. तळाच्या कस्तुरीचंही तसंच. त्या काळी फुलांच्या सेंटांत नायट्रो मस्क, म्हणजे रसायनांतून बनवलेल्या नकली कस्तुऱ्या, सर्रास असायचे. 1888 साली आल्बर्ट बाऊर हा गृहस्थ स्फोटकांवर काम करत होता, त्याच्या हाती बॉम्बऐवजी कस्तुरीचा वास लागला. पुढे या मस्कांपैकी काही बंद झाले, काहींवर मर्यादा आल्या. त्यांचा वास उबदार, कुशीत घेणारा होता. हल्लीचे मस्क स्वच्छ असतात, धुतलेल्या टॉवेलसारखे. मला जुने आवडायचे. पण ज्याच्या मानेवर चट्टे उठले असतील त्याला विचाराल तर तो वेगळं सांगेल.

तिसरं कारण तुम्ही स्वतः. त्या वासाबरोबर तुम्हाला सासूबाई येतात, पुतण्याच्या बाटलीत त्या कुठून येणार? यावर माझ्याकडे औषध नाही.

उरलेला सेंट वापरायचा तर कातडीवर नको, निदान आधी कोपराच्या आत एक टिपका लावून दिवसभर वाट बघा. रंग काळवंडला तो युजेनॉल आणि व्हॅनिलासारख्या द्रव्यांमुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण कपड्यावर डाग पडेल. रेशमावर नको, जरीवर तर अजिबात नको. जुन्या सुती रुमालाला लावा आणि रुमाल पर्समध्ये ठेवा. बूच अडकलं तर पकड लावू नका, कबुतराची मान जाईल. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं बाटलीच्या गळ्याभोवती मिनिटभर धरा आणि बूच हलक्या हातानं फिरवा. आणि बाटली शोकेसमध्ये मांडू नका. उजेड आणि उकाडा हे सेंटाचे दोन वैरी. सासूबाईंनी कपाटात ठेवली म्हणून तर ती तुमच्यापर्यंत टिकली.

प्रश्न : आमच्या अंगणात बकुळ आहे, वाडीत सुरंगी. फ्रेंच सेंटांच्या 'मऊ' वासाचं कौतुक नेहमी वाचते. आमची फुलं काय राकट आहेत? बकुळीचं अत्तर घरी काढता येईल का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : राकट कशाला! आणि सुरंगीचे वळेसर माळणाऱ्या बाईला मी काय सांगणार? वर मोगऱ्याला भांडखोर म्हटलं त्याचं उत्तर मात्र द्यायला हवं. मोगरा-जाईत इंडोल नावाचं द्रव्य असतं. सुटं हुंगलं तर डांबराच्या गोळीसारखं, आणि जास्त झालं तर त्याहून वाईट, ते आपल्या या जेवणाखाण्याच्या मासिकात छापणार नाहीत. फुलात ते कणभर असतं आणि त्यानंच मोगऱ्याला रात्रीची नशा येते. मऊ जातीच्या सेंटात हा इंडोल दाबून, धुऊन घेतलेला असतो. बकुळीचं तसं नाही. ती मुळातच मंद आणि मधाळ, आणि सुकली तरी वास सोडत नाही. माझ्या आईच्या पोथीत बकुळीचा सर होता, फुलं चुरा झाली तरी पानं उघडली की यायचा. मला विचाराल तर आपल्याकडचा खरा 'मऊ' वास तोच.

आपल्या अत्तराची रीतही मऊपणाच्या बाबतीत फ्रेंचांहून कमी नाही. उत्तर प्रदेशातल्या कनौजमध्ये तांब्याच्या डेगमध्ये, म्हणजे मोठ्या हंड्यात, फुलं आणि पाणी घालून खाली जाळ लावतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती गार होऊन साठते त्या भांड्यात, उतरते, आणि भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं. वर बेसनाचं सांगितलं ना, इथे ते काम चंदन करतं. फरक इतकाच की आपण एका फुलाला चंदनाच्या पाटावर बसवतो, आणि फ्रेंच वीस फुलांची पंगत मांडतात.

घरी कुकर लावून अत्तर काढायला जाऊ नका. बरेच जण मला तसं लिहितात, आणि शेवटी उकडलेल्या भाजीचं पाणी हाती येतं. त्यापेक्षा फुलेलाची, म्हणजे फुलांच्या वासाच्या तेलाची, जुनी रीत करा. धुऊन खडखडीत वाळवलेले, सोललेले तीळ घ्या. पसरट भांड्यात तिळाचा थर, त्यावर ताज्या फुलांचा थर, पुन्हा तीळ. झाकून ठेवा. रोज जुनी फुलं वेचून टाका, नवी घाला. ओली फुलं घातलीत तर बुरशी येईल, म्हणून दव सुकल्यावर वेचा. आठ-दहा दिवसांनी तीळ घाण्यावर द्या. घाणेवाल्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो शेंगदाण्याच्या पाठोपाठ तुमचे तीळ लावेल आणि सगळी मेहनत शेंगदाण्याच्या नावावर जाईल.

प्रश्न : मी 26 वर्षांचा मुलगा आहे. मला जुन्या पद्धतीचे फुलांचे, पावडरी वासाचे सेंट आवडतात. मित्र चिडवतात. आणि नागपूरच्या उन्हाळ्यात असा सेंट चालतो का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : मित्रांना घरी जाऊन आजोबांच्या दाढीचं सामान बघायला सांगा. ओल्ड स्पाइस सापडेल. त्या वासात मसाल्यांबरोबर कार्नेशन आहे, आणि मुळात ओल्ड स्पाइस 1937 साली आधी बायकांसाठी निघालं, पुरुषांसाठी त्याच्या पुढच्या वर्षी. वासाला लिंग नसतं, ते डब्यावरच्या चित्रात असतं.

मे महिन्यात दुपारी नको. पावडरी सेंट घामावर दाट होतो, उकाड्यात गोधडी पांघरल्यासारखं वाटतं. रात्री, अंघोळीनंतर, कूलरसमोर बसायचं असेल तेव्हा लावा, तिथे वाळ्याच्या ताट्या असतील तर सोन्याहून पिवळं. आणि पहिल्या पावसासाठी एक सुचवते : गेर्लां या फ्रेंच सेंटवाल्यांचं आप्रे लोंदे, 1906 चं. नावाचा अर्थच 'सर ओसरल्यावर'. व्हायोलेट आणि बडीशेपेचा किंचित भास आहे त्यात, सगळं ओल्या काचेतून बघितल्यासारखं. महाग आहे आणि आपल्याकडे सहज मिळत नाही. परदेशी जाणाऱ्या कुणाला सांगून आणवा, पण आधी पट्टीवर वास घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : सेंट लावल्यावर मनगटं एकमेकांवर घासू नयेत, रेणू चिरडतात म्हणे. खरं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : रेणू म्हणजे काय शेंगदाणे आहेत चिरडायला? घासल्यानं थोडी ऊब येते, वरचा लिंबूटपणा दहा मिनिटांऐवजी पाचात उडतो, आणि अर्धा सेंट दुसऱ्या मनगटावर जातो. तुम्हाला घासायची सवय असेल तर खुशाल घासा.